लाइट गेल्यावरची गाणी

मे महिन्यात नागपूरला जाऊ नका असं मला बायकोनं सांगितलं, डॉक्टरनं सांगितलं, आणि आमच्या गल्लीतल्या ज्या गृहस्थांनी आयुष्यात साताऱ्याच्या पुढं पाऊल टाकलेलं नाही त्यांनीही सांगितलं. तिघंही बरोबर होते. हे इथं लिहितोय खरं, पण घरी अजून कबूल केलेलं नाही.

कोल्हापुरात माझा छोटासा ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ आहे. तिथं कलेची फार मोठी सेवा चालते. निवडणुकीत रिक्षावरून ‘ताई, माई, अक्का’ करत जे गल्लोगल्ली बोंबलत जातं, ते माझ्याकडंच तयार होतं. उरलेल्या वेळात मी लोकांच्या जुन्या कॅसेट साफ करून देतो. हे पुण्याच्या एका कंपनीच्या कानावर गेलं आणि तिथल्या मॅडमचा फोन आला. नागपूरच्या ‘भरदुपार’ बँडची सगळी अकूस्टिक गाणी गोळा करून एक संग्रह काढायचाय, जाल का? मी म्हटलं, जातो. कधी, किती वेळ, राहायचं कुठं, काहीसुद्धा विचारलं नाही. नाव ऐकूनच अक्कल गहाण पडली होती.

‘भरदुपार’ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, म्हणजे जवळजवळ सगळ्यांसाठीच सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी नागपूरच्या दोन मित्रांनी दंडारीतली, म्हणजे खेड्यातल्या लोकनाट्यातली गाणी, डफ आणि इलेक्ट्रिक गिटार एकाच स्टेजवर चढवली. गाणारे वासुभाऊ ढोमणे. गिटार वाजवणारे आणि गाणी लिहिणारे मधुभाऊ चौधरी. विदर्भात त्यांच्यासाठी लोक बैलगाड्या जुंपून यायचे. आमच्याकडं त्यांना कुत्रं ओळखत नव्हतं. पण कॉलेजात असताना हॉस्टेलवर माझ्या खोलीत नागपूरचा एक पोरगा होता आणि त्याच्या ट्रंकेत यांची एक कॅसेट होती. तिच्यातलं शेवटचं गाणं, ‘गेली लाइट, जाऊ दे गा’, मधेच तुटायचं. त्यातलं ‘वयखीन’ म्हणजे ‘ओळखीन’ एवढं त्यानं सांगितलं, पण पुढं काय, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. ते अर्धं गाणं मी लग्नात गुणगुणलोय, दवाखान्याच्या रांगेत गुणगुणलोय, बायकोनं वैतागून ‘एकदा पूर्ण तरी म्हणा हो’ असं सांगितलंय. कुठून म्हणू?

मॅडमनाही नेमकं तेच हवं होतं. त्यांनी सांगितलं, दोघांचाही होकार आणा, आणि ते शेवटचं गाणं पूर्ण आणा, अर्धं गाणं संग्रहात बरं दिसत नाही. शिवाय आवाज कसा ‘उबदार’ हवा म्हणाल्या. मे महिन्यात, नागपुरात, उबदार. मी म्हटलं, बघतो जमतंय का.

महाल

प्रवासात काय झालं ते सांगत नाही, कारण काही झालं नाही. फक्त वर्ध्याच्या पुढं खिडकीचा गज धरला आणि तळहात भाजला. स्टेशनातून बाहेर आलो तर रस्त्यावर माणसं होती की चालते रुमाल, कळायला मार्ग नव्हता. डोकं, कान, तोंड सगळं गुंडाळलेलं, फक्त डोळे उघडे. आमच्याकडं असं कुणी दिसलं तर पोलिसांना फोन जाईल. तिथं मात्र तोंड उघडं ठेवून फिरणारा मीच संशयित होतो.

वासुभाऊंचं घर महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका अरुंद गल्लीत. दार उघडलं ते त्यांनीच. उंच, वाळके, बनियनवर. मी नमस्कार केला तर म्हणाले, “नमस्कार मंग करा. पयले कूलरसमोर बसा.”

आमच्याकडं पाहुण्याला खुर्ची देतात, पाणी देतात, फार मोठा पाहुणा असेल तर फेटा बांधतात. नागपुरात मान कूलरसमोरच्या जागेत असतो. वासुभाऊंचा कूलर म्हणजे लोखंडी स्टँडवर उभा असलेला पत्र्याचा अवाढव्य ठोकळा होता, बाजूंना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या, आणि आवाज असा की आत कुणी जात्यावर दळण घातलंय. त्याच्यासमोर एकच खुर्ची बसेल एवढी वाऱ्याची वाट. ती रोज वासुभाऊंची. आज मला दिली. ते स्वतः भिंतीकडच्या पलंगावर बसले आणि माझ्याकडं असं बघत राहिले, जसं काही मी त्यांच्या शेतावर कूळ लागलोय.

स्वयंपाकघराच्या दारातून शोभावहिनी, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, “अवो, थोडा इकडं फिरवा न त्याले. जीव चालला माहा इथं.”

“चाकं जाम आहे वं. हालत नाही तो.”

चाकांना तेल लावलेलं मला माझ्या जागेवरून चकचकीत दिसत होतं. मी पाहुणा होतो. वारा खात बसलो.

मी कामाचं काढलं. म्हटलं, कंपनीला तुमची अनप्लग्ड गाणी हवीत.

“काय हवी?”

“म्हणजे वीज न वापरता, साध्या वाद्यांवर मुद्दाम गायलेली.”

वासुभाऊ इतका वेळ हसले की वहिनी बघायला आल्या. “मुद्दाम?” ते म्हणाले. “अवो कोल्हापूरकर, मुद्दाम कायचं? लाइट जाये! अर्ध्या कार्यक्रमात लाइट जाये, अन् हजार लोक अंधारात बसले राहे. त्याईले काय घरी पाठवाचं? मंग मधू साधी गिटार काढे, मी बोंबलो. लाइट आली का पुन्हा वायरा जोडू. याले तुमच्या पुण्यात अनप्लग्ड म्हंतात?”

हे ऐकून मला इतका आनंद झाला की काय सांगू. मॅडमनी मला फोनवर ‘मातीशी नातं सांगणारा जाणीवपूर्वक ध्वनिप्रयोग’ असं अर्धा तास समजावलं होतं. त्या ध्वनिप्रयोगाचं कारण लोडशेडिंग निघालं.

मग तुटणाऱ्या गाण्याचं कोडं तिथंच सुटलं. ते गाणं मधुभाऊंनी लिहिलं खास अंधारासाठी, लाइट गेल्यावर सगळ्यांत शेवटी म्हणायचं म्हणून. पण दुसरं कडवं संपेपर्यंत दर वेळी लाइट यायची. लोक ‘आली रे आली’ करून उठायचे, हे दोघं वायरी जोडायला धावायचे, आणि गाणं तिथंच राहायचं. वासुभाऊंनी होकारासोबत मला पिशवीभर कॅसेट दिल्या. कुणा कुणा चाहत्यांनी सेलवरच्या टेपवर भरलेल्या. त्यांत कुत्री होती, रडणारी पोरं होती, ‘ए, माही चप्पल कोनं नेली’ होतं, गाणी तर अशी होती की माझ्या अंगावर काटा आला. आणि प्रत्येक कॅसेटवर ते गाणं त्याच जागी ‘आली रे आली’मध्ये बुडत होतं.

“तिसरं कडवं आहे का पण?” मी विचारलं.

“मधूले मालूम,” ते म्हणाले. “मी कधी पाहिलं नाही. लाइट येऊनच जाये न.”

“मग विचारू या त्यांना.”

वासुभाऊ उठले आणि कारण नसताना कूलरमध्ये पाणी बघायला लागले. वहिनींनी मला डोळ्यांनी खुणावलं: नको.

गोष्ट अशी होती. सावनेरकडच्या एका गावात कार्यक्रम होता. लाइट गेली. लोक नेहमीसारखे शांत झाले, सरकून पुढं बसले. वासुभाऊंनी डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि स्टेजमागं धडधडधड सुरू झालं. मधुभाऊंनी कुणाला न सांगता जनरेटर आणला होता. कार्यक्रम बंद पडू नये म्हणून. लखकन उजेड पडला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“जनरेटरले!” वासुभाऊ म्हणाले. इतक्या वर्षांनंतरही त्यांचा आवाज चिरकला. “मी तोंड उघडून उभा, अन् लोक टाळ्या वाजवून राहिले जनरेटरले! मी उतरलो खाली. चालत घरी आलो.”

“सावनेरहून?”

“एस्टी भेटली मंग पुढं,” त्यांनी मान्य केलं.

तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. बँड एका जनरेटरवरून फुटला. आमच्याकडं भाऊबंद बांधावरून भांडतात तेव्हा मला ते अडाणीपणाचं वाटायचं. आता वाटत नाही, बांध निदान शांत असतो.

संध्याकाळी वासुभाऊ मला सावजी मटण खायला घेऊन गेले. “तुमी कोल्हापूरचे लोक तिखट खाता म्हंते,” असं ते फार गोड आवाजात म्हणाले. मी जन्मापासून तांबडा रस्सा पितोय, मला कोण काय शिकवणार, या थाटात पहिला घास घेतला. काळा रस्सा. पहिले दोन क्षण काहीच झालं नाही. मग मात्र डोळ्यांतून, नाकातून आणि मला वाटतं कानांतूनही कोल्हापूर वाहून गेलं. मी पाणी मागितलं नाही, हे मी गावात अभिमानानं सांगतो. मागण्यासाठी तोंडातून आवाज निघावा लागतो, हे सांगत नाही.

सावनेर

दुसऱ्या दिवशी तर्री-पोह्यांवर पोटाची समजूत काढून (पोह्यांवर लाल रस्सा ओततात हे लोक, सकाळी सकाळी, आणि त्याला नाश्ता म्हणतात) मी सावनेरची बस धरली, मधुभाऊ तिथंच राहत होते. रस्त्याला कापसाची मोकळी रानं, आणि कोळशाच्या ट्रकांची रांग. बसमध्ये शेजारच्या बाईंनी मला विचारल्याशिवाय माझ्या डोक्यावर स्वतःचा ओला टॉवेल टाकला. “मरून जासान,” एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागल्या.

मधुभाऊंच्या अंगणात पहिल्यांदा दिसला तो जनरेटर. गंजलेला, आणि त्याच्यावर एक कोंबडी अंड्यावर बसलेली. बँड मोडणारं यंत्र शेवटी कामाला आलं म्हणायचं.

मधुभाऊ बुटके, गोल, आणि अतिशय नम्र. घरात पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडं खोकी. “पोराकडं चाललो हैदराबादले,” ते म्हणाले. “घर देऊन टाकलं. परवाची गाडी आहे. आता कायचं येनं होते इकडं.”

हा माणूस परवा गेला की ते गाणं गेलं. मी एकदम मुद्द्यावर आलो. म्हटलं, मधुभाऊ, संग्रहाला तुमचा होकार द्या, आणि ‘गेली लाइट’चं तिसरं कडवं द्या.

“होकार तं दिला,” ते म्हणाले. “कडवं नाही देत.”

“का?”

“ते गाण्याचं आहे. हातात देऊन काय होते? वासूनं म्हनलं तं गाणं, नाही तं राहू द्या तसंच.”

मी नाना प्रकारे विनवलं. ते प्रत्येक वेळी मला कैरीचं पन्हं देत होते आणि नाही म्हणत होते. चौथ्या पेल्यानंतर त्यांनी खाली बघत विचारलं, “त्यानं बोलावलं का मले?”

आता खरं सांगायचं तर वासुभाऊंनी फक्त कूलरचं पाणी तपासलं होतं. पण मी निवडणुकांची रेकॉर्डिंगं करतो. खोटं बोलायला मला वेगळी तयारी लागत नाही. म्हटलं, “रोज आठवण काढतात तुमची.”

मधुभाऊंनी माझ्याकडं निरखून पाहिलं. “तुमी लय चांगले दिसता,” ते म्हणाले, “पन खोटं बोलून राहिले.”

मी हात हलवत परतलो. कूलरसमोरच्या खुर्चीत बसून वासुभाऊंना म्हटलं, मधुभाऊ परवा कायमचे हैदराबादला चाललेत. संध्याकाळी ते जेवले नाहीत, उन्हानं भूक मेली म्हणाले. ज्या माणसाला काळ्या रश्श्यानं घाम येत नाही, त्याची भूक उन्हानं मेली!

वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. “मी फोन करतो मधुभाऊले,” त्या म्हणाल्या. “मी गोळाभात करतो म्हंतो. नाही म्हनाची हिंमत नाही त्याची.” बाईमाणूस ‘करतो, म्हणतो’ बोलताना ऐकलं आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आमच्या कोल्हापुरात बायका अशाच बोलतात. महाराष्ट्राची ही दोन टोकं मधल्या पुण्याला न विचारता जुळलेली आहेत.

पुन्हा महाल

मधुभाऊ दुसऱ्या दिवशी दुपारी आले. चादरीत गुंडाळलेली गिटार खांद्याला. वासुभाऊ पलंगावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. ते त्यांनी खाली घेतलं नाही.

“ये,” वर्तमानपत्र म्हणालं.

“आलो,” मधुभाऊ म्हणाले.

झालं. इतक्या वर्षांचा हिशोब दोन शब्दांत मिटला असं मला वाटलं, तर कसलं काय! गोळाभात, म्हणजे डाळीचे गोळे घातलेला भात, वाढला गेला, त्यावर मोहरी-मिरचीची कडकडीत फोडणी ओतली गेली, आणि दोघं जेवताना फक्त माझ्याशी बोलत होते. “कोल्हापूरकर, यांले विचारा, तेल पायजे का.” “कोल्हापूरकर, सांगा त्यांले, पुरे.” मी मधे बसून तेलाची वकिली करत होतो. आणि बसायची जागा तीच: वाऱ्यात मी, पलंगावर वासुभाऊ, आणि मधुभाऊ कोपऱ्यात, जिथं वाऱ्याची झुळूकही चुकून जात नव्हती. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. वहिनी म्हणाल्या, “अवो, त्याच्याकडं फिरवा न कूलर.”

“चाकं जाम आहे,” वासुभाऊ म्हणाले.

जेवणं झाली. मी माइक मांडले आणि तो गुन्हा केला ज्यासाठी नागपुरात मला अजून शिव्या पडत असतील. म्हटलं, “कूलर बंद करावा लागेल. आवाज येतो.”

दोघांनी एकाच वेळी, एकाच सुरात, एकाच चेहऱ्यानं ‘का’ म्हणून विचारलं, “काहून?”

त्या दिवशीचं त्यांचं पहिलं एकमत. मी कृतकृत्य झालो. शेवटी वहिनींनीच बटण दाबलं. जातं थांबलं. क्षणभर घरात अशी शांतता झाली की बाहेरचं ऊनसुद्धा ऐकू यावं. मग घाम सुरू झाला. कपाळावरून नाही, सरळ डोक्यातून. मी रेकॉर्डर चालू केला आणि हात दाखवला.

मधुभाऊंनी तार छेडली. वासुभाऊंनी डोळे मिटले. आणि राव, आवाज फाटला होता, खरखरत होता, पण तोच होता, हॉस्टेलमधला.

गेली लाइट, जाऊ दे गा,
आवाजानं वयखीन तुले.
दिसत नाही तं नाही दिसत,
जवळ आहे, समजते मले.

मी तिथं कामाला बसलो होतो. कामाला बसलेल्या माणसानं रडायचं नसतं. घाम होता म्हणून बरं, काय काय वाहतंय ते कुणाला कळलं नाही. दुसरं कडवं झालं. आणि दोघं थांबले.

मी वाट बघितली. मधुभाऊंचा हात तारांवर तसाच होता, वासुभाऊ डोळे उघडून दिव्याकडं बघत होते. दिव्याकडं! आयुष्यभर त्या जागेवर लाइट आली होती, लोक ओरडले होते. तो आरडाओरडा आल्याशिवाय त्यांना पुढं सरकता येत नव्हतं. भर दुपारी, खिडकीतून ऊन आत येत असताना, दोन म्हातारे लाइट यायची वाट बघत बसले होते.

स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाल्या, “आज नाही येत लाइट. म्हना पुढचं.”

वासुभाऊ म्हणाले, “मले पुढचं येत नाही.” मग पहिल्यांदा त्यांनी सरळ कोपऱ्यात बघितलं. “मधू, तू म्हन न गा.”

मधुभाऊ कधी गायले नव्हते. त्यांचा आवाज गाण्याचा नव्हताच, किराणा मागायचा होता. त्यांनी मान खाली घालून, तारांकडं बघत म्हटलं:

आली लाइट, येऊ दे गा,
उठू नको, बस अजून.
उजेडातही तोच मी आहो,
पाहून घे न डोये भरून.

एवढंच. चार ओळी. ‘आली रे आली’च्या खाली दर वेळी ह्या गाडल्या गेल्या होत्या. मी वासुभाऊंकडं बघायचं टाळलं. मधुभाऊंनी शेवटची तार दाबून धरली, आवाज पुरता विझू दिला, गिटार चादरीत गुंडाळली आणि उठायला लागले.

“निंगतो. सामान बांधाचं आहे. उद्या गाडी आहे माही.”

“उद्या आहे न?” वासुभाऊ म्हणाले. “मंग आज काहून उठतं?”

मधुभाऊ अर्धे उठलेले तसेच राहिले.

वासुभाऊ पलंगावरून उतरले. माझ्याकडं न बघता म्हणाले, “सरका, कोल्हापूरकर.” मी सरकलो. त्यांनी त्या पत्र्याच्या धुडाला खांदा लावला आणि गडगडत, एका दमात, कोपऱ्याकडं वळवलं. चाकं लोण्यासारखी फिरली. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला, हसायला की कशाला, मी विचारलं नाही. वासुभाऊंनी बटण दाबलं आणि सगळा वारा मधुभाऊंच्या अंगावर गेला. त्यांचा चिकटलेला सदरा पाठीवरून सुटून फुगला. ते खाली बसले.

मी घामानं निथळत भिंतीला टेकून उभा होतो. माझा मान गेला होता आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

रेकॉर्डर बंद करायचा मी विसरलो होतो. संग्रह आता आलाय. शेवटच्या गाण्याच्या शेवटी आधी काहीतरी गडगडतं आणि मग घरघर सुरू होते. मॅडमनी विचारलं, तो आवाज कसला, साफ करता नाही का येणार? मी सांगितलं, नाही हो, निघतच नाही. तेवढं साफ करायला मला पाच मिनिटंही लागली नसती.